धुरावरून अग्नीकडे

आश्विन सरत आला. नवरात्र झाले, कोजागरीचे दूध झाले, आणि घरोघरी चकलीच्या भाजणीचा खमंग वास दरवळू लागला. मुंबईस गेलेली माणसे याच दिवसांत गावाची वाट धरतात. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत असे घर विरळाच, ज्यातील एखादे माणूस पोटासाठी मुंबईच्या गिरणीत, गोदीत, बाजारात अथवा कचेरीत गेले नाही. त्यांना आपण पूर्वी पत्र धाडीत होतो, हल्ली फोन करतो. परंतु त्या निरोपातील एक वाक्य दोन पिढ्यांत बदललेले नाही. ‘या चार दिवस, गावाकडची स्वच्छ हवा खाऊन जा.’

हे वाक्य आम्हीही कैक वेळा उच्चारले. ते उच्चारण्याचा अधिकार आपणास उरला आहे काय, हा प्रश्न २०२३ च्या दिवाळीत आमच्याच अंगणात आमच्यापुढे उभा राहिला. कीर्तनकार निरूपणास एखादे पद घेतो, तसा आज आम्ही हा प्रश्न घेतला आहे. सणाच्या दिवशी हा कडू विषय कशाला, असे वाचकांनी म्हणू नये. नरकचतुर्दशीस कारिटे फोडून त्याची कडू चव जिभेस लावावी आणि मगच फराळास बसावे, अशी कित्येक घरांची रीत आहेच.

मुंबईचे सात दिवस

त्या वर्षी ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस, कोजागरीच्या सुमारास, मुंबईत आमची सात दिवसांची कीर्तनसेवा होती. मुक्काम चेंबूरला पुतण्याकडे होता. पहिल्या सकाळी आम्ही गच्चीवर गेलो. सूर्य उगवून तासभर झाला होता, तरी तो ताम्हनासारखा तांबडा आणि निस्तेज दिसत होता. डोळे न दिपता त्याच्याकडे पाहता येत होते. समोरच्या इमारती पुसट झाल्या होत्या. आम्हास वाटले, धुके असेल. आमच्या वाईस थंडीच्या दिवसांत कृष्णेवर धुके उतरते आणि ऊन चढले की विरते. हे मात्र दुपारपर्यंत विरले नाही.

तिसऱ्या दिवशी पूर्वरंगातच घसा धरला. चाळीस वर्षे आम्ही या श्वासावर उभे आहोत. कीर्तनकाराची वीणा बिघडली तर दुसरी मिळते, पेटीवाला आला नाही तर दुसरा बोलाविता येतो. श्वास मात्र उसना मिळत नाही. उत्तररंगात आख्यानातील पदे आम्हास खालच्या पट्टीत म्हणावी लागली. पुतण्याची सात वर्षांची कन्या तर आमच्याआधीपासून खोकत होती. तिला बालपणीच दम्याने गाठलेले. तिच्या दप्तरात पुस्तकांबरोबर औषधाचा पंप असतो, हे आम्ही त्या मुक्कामात प्रथम पाहिले.

त्याच सुमारास, २५ ऑक्टोबर २०२३ रोजी, मुंबई महापालिकेने बांधकामांभोवती उंच पत्रे लावावेत, धुळीवर पाणी फवारावे अशी नियमावली काढली होती. आणि ३१ ऑक्टोबर रोजी मुंबई उच्च न्यायालयाने शहराच्या बिघडलेल्या हवेची स्वतः होऊन दखल घेतली. निघताना आम्ही पुतण्यास म्हणालो, “दिवाळीस पोरीला घेऊन वाईला या. चार दिवस तरी मोकळा श्वास घेऊ दे तिला.”

तर्कशास्त्रातील धूर

परतीच्या प्रवासात, खंडाळ्याचा घाट चढताना मागे वळून पाहिले तो खालच्या प्रदेशावर करड्या रंगाचा थर अंथरल्यासारखा दिसला. तेव्हा बालपणी पाठशाळेत घोकलेला तर्कसंग्रह आठवला. सतराव्या शतकातील अन्नंभट्टाचा हा लहानसा ग्रंथ म्हणजे न्यायशास्त्राचा उंबरठा. त्यातील अनुमानाचे उदाहरण सर्वश्रुत आहे. दूर डोंगरावर धूर दिसतो. धूर आणि अग्नी यांची सोबत आपण स्वयंपाकघरात नित्य पाहिलेली असते. त्यावरून डोंगरावर अग्नी असल्याचे आपण जाणतो.

नैयायिक एवढ्यावर थांबत नाहीत. ते दोन बाबतींत सावध करतात. धुळीचा लोट किंवा बाष्पही दुरून धुरासारखे भासते, तेव्हा दिसते ते काय आहे हे आधी पारखावे, ही पहिली बाब. दुसरी अधिक सूक्ष्म आहे. धुरावरून अग्नी सिद्ध होतो, परंतु अग्नीवरून धूर सिद्ध होत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. अग्नीस ओल्या इंधनाची संगत घडली तरच धूर उपजतो. म्हणजे धूर हा अग्नीचा स्वभाव नव्हे; तो संगतीचा दोष होय.

आजचे रसायनशास्त्र हेच निराळ्या शब्दांत सांगते. इंधनास पुरेसा प्राणवायू आणि पुरेशी उष्णता मिळाली तर ते बहुतांशी पूर्ण जळते. ते ओले असेल, कोंडलेले असेल, किंवा त्यात भलतेच पदार्थ मिसळलेले असतील तर ते अर्धवट जळते. आणि जे जळायचे राहिले तेच काजळी होऊन, कार्बन मोनॉक्साइडसारखा विषारी वायू होऊन हवेत जाते. गंधकासारखी द्रव्ये इंधनात असली तर ती पूर्ण जळूनही विषारी वायूच देतात. मुंबईच्या आकाशात आम्ही जे पाहिले त्यास या दोन्ही कसोट्या लावून पाहू.

एक धुराडे आणि सहस्र अग्नी

मराठीत धूर आणि धुके हे शब्द जोडून ‘धुरके’ असा शब्द केला आहे. इंग्रजीतही १९०५ साली लंडनच्या एका डॉक्टराने असाच जोडशब्द रूढ केला. मुंबईच्या धुरक्यात मात्र धूर, धूळ आणि बाष्प अशा तिन्ही वस्तू एकवटल्या आहेत. नैयायिकांनी ज्यांची एकमेकांशी गल्लत होऊ नये म्हणून बजाविले, त्या येथे खरोखरीच एकमेकींत मिसळून गेल्या आहेत.

धुळीपासून आरंभ करू. जुनी इमारत पाडताना, नवी बांधताना, रस्ता खोदताना, खडी आणि वाळू उघड्या मालमोटारीतून नेताना धूळ उठते. ती रस्त्यावर बसते आणि चाकांखाली पुनःपुन्हा दळली जाऊन अधिक बारीक होते. शहराच्या हवेतील भरड कणांत रस्त्यावरील धुळीचा वाटा फार मोठा असतो. बाष्पाची गोष्ट निराळी. समुद्रकाठच्या दमट हवेत हे कण ओलावा शोषून फुगतात आणि प्रकाश अडवितात. म्हणून सकाळचा सूर्य ताम्हनासारखा दिसतो.

उरला धूर. येथे आम्हास १९७२ सालची लालबाग आठवते. आमचे काका गिरणीत कारकून होते. सुटीत त्यांच्याकडे गेलो की चाळीच्या गॅलरीतून धुराडी दिसत. भोंगा झाला की काका बोट दाखवून सांगत, हे अमक्या गिरणीचे, ते तमक्या गिरणीचे. धूर दिसे आणि त्याचा धनीही दिसे. १९१२ साली मुंबई प्रांतात धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा झाला, तो अशाच भट्ट्या आणि धुराडी डोळ्यांपुढे ठेवून. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, आमच्या जिल्ह्यातील कित्येक कुटुंबे गावी परतली. धुराडी थंड झाली. तरी मुंबईची हवा स्वच्छ झाली नाही.

याचे कारण अग्नी विझला नाही, तो विखुरला. लक्षावधी मोटारी आणि दुचाक्या यांच्या इंजिनांत एकेक लहान अग्नी पेटलेला असतो. सिग्नलपाशी खोळंबलेली मोटार पुढे न जाताही इंधन जाळीत राहते. टॅक्सी आणि रिक्षा नैसर्गिक वायूवर चालू लागल्या, १ एप्रिल २०२० पासून देशभर अत्यल्प गंधकाचे पेट्रोल व डिझेल मिळू लागले, हे उपकारकच झाले. परंतु वाहनांची संख्या त्याहून वेगाने वाढली. चेंबूर, माहुल, तुर्भे या पट्ट्यात तेलशुद्धीकरण, खत आणि वीजनिर्मिती यांचे मोठे कारखाने दाटीने उभे राहिले. तेथील रहिवासी आपल्या वस्तीस ‘गॅस चेंबर’ म्हणू लागले. १९२७ पासून कचरा साठविणाऱ्या देवनारच्या डोंगराला जानेवारी २०१६ अखेरीस आग लागली, तेव्हा तिचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही उमटला. पावाच्या लाकडी भट्ट्या, हॉटेलांतील कोळशाचे तंदूर, फुटपाथवरील चुली, झाडलोट झाल्यावर कोपऱ्यात पेटविलेला पालापाचोळा, हे सर्व अग्नी वेगळेच. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने अशा लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत गॅस वा विजेवर नेण्यास सांगितले, यावरून त्यांचाही भार किती ध्यानात घ्यावा लागतो हे उमगेल.

यांखेरीज एक अदृश्य धूर असतो. इंधनातील गंधकापासून आणि इंजिनाच्या उष्णतेत हवेतील नत्रापासून जे वायू बनतात, ते हवेत तरंगत असताना अमोनियाशी संयोग पावून सूक्ष्म कणांत रूपांतरित होतात. ते निघताना दिसत नाहीत. काही तासांनी, काही कोसांवर, कण होऊन प्रकटतात. तेव्हा बोट दाखवावयास धुराडेही उरत नाही.

दिवाळीतच हे का घडते

चुलीवरील पातेल्यास झाकण नसले तर वाफ वर निघून जाते. झाकण ठेवले तर आत कोंडते. जमिनीलगतची उष्ण हवा एरवी वर चढते आणि आपल्याबरोबर धूर घेऊन जाते. शरद ऋतू सरू लागला की रात्री मोठ्या होतात, आकाश निरभ्र असते, जमीन लवकर निवते आणि तिच्यालगतची हवाही थंड होते. वर उबदार थर आणि खाली थंड थर अशी उलटी मांडणी झाली म्हणजे खालची जड हवा वर चढत नाही. शहरावर हे झाकण बसते. ते पहाटे सर्वांत खाली उतरलेले असते आणि ऊन चढल्यावर उचलले जाते. मुंबईस समुद्राचा वारा झाडून नेणारा सेवक आहे. पण पावसाळा संपला की तोही मंदावतो, उशिरा येतो.

आपली दीपावली नेमकी याच संधिकाळात येते. अभ्यंगस्नानाची पहाट आणि लक्ष्मीपूजनाची रात्र म्हणजे झाकण बसलेल्या वेळा. आणि त्याच वेळी आपण फटाके उडवितो. फटाक्यांची दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. हिरव्या रंगासाठी बेरियम, तांबड्यासाठी स्ट्राँशियम, शुभ्र प्रकाशासाठी ॲल्युमिनियम वा मॅग्नेशियम मिसळतात. उजेड क्षणभर राहतो, ही द्रव्ये हवेत राहतात. सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑक्टोबर २०१८ रोजी बेरियमची संयुगे वर्ज्य ठरवून, केवळ कमी धुराचे फटाके आणि दिवाळीत रात्री ८ ते १० हीच वेळ असा निर्बंध घातला, तो यासाठीच.

फटाका हा धर्माचाच भाग, असे आम्हास कोणी सांगितले तर आम्ही विनयाने असहमत होतो. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील व्यासंगी परशुराम कृष्ण गोडे यांनी आपल्या देशातील दारूकामाचा इतिहास लिहिला आहे, तो १४०० ते १९०० या पाचशे वर्षांचा. दीपोत्सव त्याहून कितीतरी पुरातन आहे. दिव्याने दिवाळी होते. दारूने ती गाजते, एवढेच.

लंडनची साक्ष

घरोघरचे लहान अग्नी मिळून काय करू शकतात, याची साक्ष लंडन शहराने दिलेली आहे. ५ ते ९ डिसेंबर १९५२ असे पाच दिवस त्या शहरावर धुरके कोंडले. थंडी कडाक्याची, वारा पडलेला, आणि प्रत्येक घराच्या शेगडीत दगडी कोळसा. कारखाने आणि वीजकेंद्रे होतीच. परंतु घराघरांतून ऊब मिळावी म्हणून पेटविलेल्या शेगड्यांचा वाटाही मोठा होता. त्या वेळच्या गणनेप्रमाणे सुमारे ४,००० माणसे दगावली. पुढील संशोधकांनी हा आकडा १२,००० पर्यंत नेला. त्यांतील बहुतेक वृद्ध, तान्ही बालके आणि छातीचे रोगी होते. १९५६ साली तेथील संसदेने कायदा करून घरगुती शेगड्यांतील धुरावरही निर्बंध आणला. घरातील अग्नी हा खासगी विषय नाही, हे त्या राष्ट्राला इतक्या मोलाने कळले.

आमच्या अंगणातील बंब

आता २०२३ च्या नरकचतुर्दशीकडे येऊ. पुतण्या कुटुंबासह आला होता. पोर दोन दिवस अंगणात बागडत होती, पंप पेटीतच होता. आम्ही मनोमन सुखावलो होतो आणि ते बोलूनही दाखवीत होतो.

पहाटे चारला न्हाणीघराबाहेर तांब्याचा बंब पेटला. आदल्या आठवड्यात पाऊस शिंतडल्याने जळण ओलसर होते. धरेना, म्हणून घरातील मुलांनी हाताशी होते ते आत घातले. पुठ्ठे घातले, तेलाच्या रिकाम्या पिशव्या घातल्या, आणि सणासाठी आणलेल्या नव्या वस्तूच्या खोक्यातील थर्माकोलही घातले. बंब भडकला. पाठोपाठ गल्लीत लवंगी माळा सुरू झाल्या. वारा नव्हता. वाईच्या चहूबाजूंस डोंगर. रात्रीची थंड हवा उतारांवरून खाली येते आणि त्या खोलगट जागेत साचते. काळा, उग्र वासाचा धूर वर न जाता माजघरात शिरला.

आम्ही तेल लावून पाटावर बसलो होतो. आतून खोकल्याची उबळ ऐकू आली आणि ती थांबेना. पुतण्या धावत पेटी उघडून पंप काढीत होता. पोरीच्या छातीचा भाता आम्ही डोळ्यांनी पाहिला. घटकाभराने तिला उतार पडला, परमेश्वराची कृपा. पुतण्या बाहेर आला आणि हळूच म्हणाला, “आप्पा, चेंबूरला असा वास आला की आम्ही खिडक्या लावून घेतो.”

त्याने आम्हास बोल लावला नाही. वडीलधाऱ्यांस तो बोलणारा नव्हे. परंतु ज्यांनी जन्मभर धूर आणि अग्नी यांचे अनुमान इतरांस शिकविले, त्यांच्या अंगणात ओल्या इंधनाचा धडा असा मूर्तिमंत उभा राहिला. बंब आमचा, जळण आमचे, आणि ‘वाईला या’ हे आमंत्रणही आमचेच.

कृष्णाकाठचे अग्नी

त्या पहाटेनंतर आमची दृष्टी बदलली. कार्तिक आणि मार्गशीर्षात आमची कीर्तने कराडपासून सांगली-मिरजेपर्यंत असतात. एस. टी.च्या खिडकीतून वर्षानुवर्षे पाहिलेलाच मुलूख आम्ही नव्याने पाहिला. महामार्गावर मालमोटारींची अखंड रांग. कडेला विटांच्या भट्ट्या. गावाच्या वेशीबाहेर धुमसणारा कचऱ्याचा ढीग. मिरज-कुपवाडकडे ओतकामाचे कारखाने. हंगामात साखर कारखान्यांच्या बॉयलरमध्ये उसाची चिपाडे जळतात. जवळपासच्या वस्तीत वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी पडते ती कोणास अपरिचित नाही. आणि सूर्यास्ताच्या वेळी, तोडणी झालेल्या उसाच्या फडांत, क्षितिजापर्यंत पेटलेले पाचट. जळक्या पाचटाची काळी पाती वाऱ्याबरोबर उडत येतात आणि देवळाच्या सभामंडपातही उतरतात.

जानेवारी २०१९ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम हाती घेतला. हवेची राष्ट्रीय मर्यादा वर्षानुवर्षे ओलांडणाऱ्या शहरांची त्यासाठी यादी झाली. तीत मुंबई आहे, पुणे आहे, हे ऐकून कोणास नवल वाटणार नाही. परंतु त्याच यादीत कोल्हापूर, सोलापूर आणि आपली सांगलीही आहे. साताऱ्याचे नाव तीत नाही. तथापि वाऱ्याला जिल्ह्याची सीमा ठाऊक नसते आणि कृष्णामाई तर दोन्ही जिल्ह्यांतून वाहते. दिल्लीच्या धुरक्यास पंजाब-हरियाणातील भाताचे काड जाळणे कारण होते, असे आपण वृत्तपत्रांत वाचतो व मान हलवितो. आपल्या फडातले पाचट त्याचेच भावंड आहे.

शेतकऱ्यास आम्ही दोष देत नाही. तो पाचट हौसेने जाळीत नाही. उंदरांचा उपद्रव, मजुरांची टंचाई, पुढच्या पिकाची घाई, पाणी सरीतून पुढे सरकेना ही अडचण, ही कारणे खरी आहेत. परंतु हिशेबही पाहावा. एकरी तीन ते चार टन पाचट निघते. ते जाळले तर त्यातील सेंद्रिय द्रव्य आणि नत्र हवेत जाते, मातीतील उपयुक्त जिवाणू मरतात. तेच पाचट यंत्राने कुट्टी करून खोडव्याच्या सरीत पसरले तर तण दबते, ओल टिकते, पाण्याची पाळी वाचते आणि कालांतराने त्याचे खत होते. कित्येक शेतकऱ्यांनी ही वाट धरली आहे. जळत्या फडाने गावाचा श्वास जातो आणि मातीचा कसही जातो. असे दुहेरी नुकसान करणारा अग्नी कोणत्या देवतेस आवडेल?

सूक्ष्म कण आणि श्वास

हे सर्व कण शरीरात काय करतात? मोठी धूळ नाकातील केसांत आणि घशात अडते. आपण शिंकतो, खाकरतो आणि ती बाहेर पडते. परंतु अडीच मायक्रॉन वा त्याहून लहान कण, म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या भागाएवढे, फुप्फुसाच्या अगदी आतील वायुकोशांपर्यंत पोहोचतात. त्यांतील अतिसूक्ष्म कण रक्तातही उतरतात. म्हणून त्यांचा त्रास दम्यापुरता न राहता हृदयविकार आणि पक्षाघातापर्यंत जातो. आपल्या देशात २००९ पासून या कणांची चोवीस तासांची मर्यादा दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम ठरली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती १५ असावी असे सुचविले. बालक मोठ्या माणसाहून जलद श्वास घेते आणि त्याची फुप्फुसे अजून वाढत असतात. म्हणून त्याच हवेत त्याच्या वाट्यास विष अधिक येते.

येथे एक आक्षेप आम्हास नेहमी ऐकू येतो. गीतेच्या अठराव्या अध्यायात, अग्नी जसा धुराने वेढलेला तसे प्रत्येक कर्म दोषाने वेढलेले, असा दृष्टांत आहे; मग थोडा धूर व्हायचाच, असे काही जण म्हणतात. हा अर्थाचा विपर्यास होय. दोष दिसला म्हणून आपले विहित कर्म टाकू नये, असा त्या उपदेशाचा रोख आहे. दोष वाढवावा असा नाही. चूल पेटविलीच पाहिजे, शेत पिकविलेच पाहिजे, सण साजरा केलाच पाहिजे. परंतु ज्या धुराशिवाय ही कर्मे होऊ शकतात, तो धूर कर्माचा भाग नव्हे. आपल्या आळसाचा भाग होय.

आमच्या घरचा नेम

उपदेश करणाऱ्याने आधी आचरावे, म्हणून आमच्या घरी गेल्या दोन वर्षांत काय झाले तेवढेच सांगतो. बंब आम्ही मोडीत काढला नाही. तो आमच्या आजीच्या हातचा आहे. परंतु त्यात वाळलेल्या लाकडाखेरीज काही जाणार नाही असा नेम केला. जळण पावसाळ्यापूर्वीच माळवदाखाली रचून ठेवतो. प्लॅस्टिक, थर्माकोल, टायरचे तुकडे यांस अग्नी दाखवायचा नाही, हे मुलांस पाठ आहे. अंगणातला पाला खड्ड्यात जातो आणि तुळशीस त्याचे खत मिळते. देवघरात पूर्वी उदबत्तीचा पुडाच्या पुडा जळे. आता एक उदबत्ती, आणि तीही खिडकी उघडी ठेवून. देवास गंध पोहोचावयास धूर दाटावा लागत नाही. फटाक्यांच्या जागी मुलांनी किल्ला मोठा करावा असे ठरले. सिंहगड, प्रतापगड आणि अजिंक्यतारा असे तीन किल्ले झाले, आणि त्यांवर पणत्या लागल्या.

हे पुरेसे आहे काय? नाही. सांगलीच्या रस्त्यांची धूळ आमच्या नेमाने बसणार नाही, मुंबईच्या मोटारी थांबणार नाहीत. १९७० साली स्थापन झालेले महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, १९८१ चा हवा प्रदूषणाविषयीचा केंद्रीय कायदा, नगरपालिका, कारखानदार, या सर्वांनी आपापले काम केले पाहिजे, आणि ते होते की नाही हे विचारण्याचा अधिकार नागरिकास आहे. परंतु जो आपल्या अंगणातील अग्नीचा हिशेब देऊ शकत नाही, त्याच्या प्रश्नास धार येत नाही.

गेल्या दिवाळीत पोर पुन्हा आली होती. अभ्यंगस्नानाच्या पहाटे ती बंबाजवळ पाटावर बसून विस्तव पाहत होती. लाकूड वाळलेले होते. ज्वाळा स्वच्छ, पिवळी, निर्धूम होती. तिने विचारले, “आजोबा, आज धूर का नाही?” आम्ही तिला तर्कसंग्रहातील तापल्या लोखंडाची आणि ओल्या लाकडाची गोष्ट सोपी करून सांगितली. तिला किती कळले कोण जाणे. पंप त्या दिवशी पेटीतच राहिला, एवढे मात्र आम्ही पाहिले.

धूर आणि अग्नी यांचा दृष्टांत देताना शास्त्रकारांनी स्वयंपाकघर निवडले, याचे आम्हास आता अधिक मर्म वाटते. आकाशातील धुराचे अनुमान घराच्या चुलीपासून सुरू होते. यंदा दिवाळीस आपलीही मुले-नातवंडे येतील. त्यांना ‘गावाकडची स्वच्छ हवा खाऊन जा’ असे सांगण्यापूर्वी आपल्या अंगणात एक फेरी मारावी आणि कोणता अग्नी ओल्या संगतीत पडला आहे ते पाहावे. मग पणती लावावी. तिच्या तेवढ्याशा ज्योतीने अंधार जातो आणि कोणाचा श्वास अडत नाही. सर्व वाचकांस ही दीपावली सुखाची व आरोग्याची जावो.